खुंटीवरचं दावं

गणपती गेले की लोकांना हुरहुर लागते. मला धास्ती लागते. ताशे थांबतात, शहापूरच्या बाजारात मखरांची मोडतोड दोन-चार दिवस पडून राहते, आणि मग त्याच जागेवर केळीची पानं, अळूच्या जुड्या, लाल भोपळ्याच्या फाका घेऊन बाया बसायला लागतात. म्हणजे पितरपाख आला. ऊनही तेव्हाच बदलतं. भादव्याचं ऊन पाठीला चटके देतं आणि तरी दोरीवरचे कपडे दमटच राहतात. दुपार कलली की माहुली गडाच्या बाजूनं ढग चढतात, बराच वेळ गडगडत राहतात, आणि बहुतेक वेळा पडत काहीच नाही. नवरा म्हणतो, या पंधरवड्यात तू कुणाशी धड बोलत नाहीस. खरंच आहे ते. मी भाजी निवडते आणि फोन वाजला की दचकते.

परवा वाजलाच. दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डोळखांबच्या पलीकडे, आमच्या गावात, शेती धरून राहिलेला. भात कसं आहे, डुकरं किती येतात, सगळं झालं. मग म्हणाला, "मालू, सर्वपित्रीला येशील ना? यंदा प्राचीच्या सासरची मानसं यायचीत जेवायला."

"येईन की."

"मग मी काय म्हणतो, बाबांच्या फोटोला ते दावं हाय ना... ते काढून हार घालू का?"

मी म्हटलं, सांगते. आणि फोन ठेवून दिला. आमच्या घरात माझ्या वडिलांच्या फोटोला हार नाही. बैलाचं दावं आहे. गेल्या भादव्यापासून आहे, आणि ते काढायचं की नाही हे आता माझ्यावर येऊन पडलंय.

तो भादवा मला पहिल्यापासून आठवतो. डोळखांबला जीपमधून उतरलं की पुढची वाट भातातून जाते. लवकर येणारं हळवं भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, उशिराचं गरवं अजून पोटरीत होतं. फुलोऱ्यातल्या भाताला एक वास असतो, दूध तापत ठेवल्यासारखा, अगदी हलका. लहानपणी तो वास आला की आम्ही पोरं खूष व्हायचो, कारण वडे मिळणार. बांधांवर तेरडा दाटला होता. कुठे माणूस नव्हतं. या दिवसांत शेतात काम नसतं, फक्त राखण असते. भात आपलं आपण भरत असतं आणि माणसं घरात बसून वाट बघतात. पाखरं पण गप्प झाल्यासारखी वाटतात. मी छत्री काठीसारखी आपटत चालले होते, सापाला कळावं म्हणून, आणि मनात म्हणत होते की यंदा बाबांचं पहिलं पान. वर्षश्राद्ध होऊन गेलेलं. आता बाबाही पेटीतले.

ती पेटी सांगितली पाहिजे. पत्र्याची, हिरव्या रंगाची, कोपरे गंजलेली. आमच्या घरात जे गेले त्यांचे फोटो तीत असतात, आणि ती वर्षातून एकदाच, सर्वपित्रीच्या सकाळी उघडायची. एरवी नाही. वर्षभर गेलेल्यांकडे बघत बसू नये, ते घरी यायचे दिवस असतात तेव्हा बघावं, असा आमच्याकडे शिरस्ता. घोंगडी अंथरायची, फोटो मांडायचे, आणि प्रत्येक फोटोपाशी त्या माणसाची एक वस्तू ठेवायची. हे मांडण्याचं काम हिराकाकीचं. हिराकाकी माझ्या धाकट्या काकाची बायको, आज सत्तरीच्या पुढची, अंगानं काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. ती एकेक फोटो उचलायची आणि पोरांना सांगायची, हे कोण, कुणाचे कोण, काय करायचे, कशानं गेले.

पणजोबांचा फोटो म्हणजे नुसता डाग. तरी त्यांच्या मिशा दिसतात असं आम्हाला शपथेवर सांगावं लागायचं. त्यांच्यापाशी अडकित्ता. आजोबांपाशी त्यांची वही. ते एकदा त्र्यंबकला पायी गेले होते, त्या वाटेवर लिहिलेली. देव, डोंगर, नदी कशाचंही त्यात नाव नाही. कुठल्या मुक्कामाला काय जेवले एवढंच आहे, आणि एका ठिकाणी 'आमटी पातळ' असं लिहून खाली रेघ मारलीय. दरवर्षी आम्ही ते वाचायचो आणि दरवर्षी हसायचो. आजीचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. तिच्यासाठी घोंगडीवर हातभर जागा मोकळी सोडायची आणि तिथे तिची काजळाची डबी ठेवायची. पोरं त्या मोकळ्या जागेवर पाय पडू देत नसत. आमच्या घराचा इतिहास म्हणजे एवढाच. कुणी तो लिहिला नाही, घोंगडीवर मांडला.

सगळ्यात शेवटी काकी उठायची आणि आपल्या कपड्यांच्या गाठोड्यातून एक फोटो काढून आणायची. हा फोटो पेटीत नसायचा. दामूकाकाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत, फोटोवाल्याच्या तंबूत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेलं विमान, पुढे काका, डोक्याला फेटा, खांद्यावर गुंडाळलेलं दावं, आणि तोंडावर असं हसू की विमान त्यालाच चालवायचंय. मग काकी गोठ्यात जायची, खुंटीवरचं एक जुनं दावं काढून आणायची आणि त्या फोटोपाशी ठेवायची. त्याच्याबद्दल मात्र ती काही बोलत नसे. "हा तुमचा दामूकाका," एवढंच. आणि मग फोटोकडे नाही, समोर बघत बसायची.

काकाची गोष्ट आम्हाला आजीनं सांगितलेली. जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला, तेव्हा उरलेला एकटा बैल घेऊन काका म्हशाच्या जत्रेला गेला. बैल विकला. घाटावरच्या कुणा व्यापाऱ्यानं घेतला म्हणे. आणि काका परत आलाच नाही. बैल नव्या माणसाबरोबर चालेना म्हणून काका त्याला घाटापर्यंत पोचवायला गेला असेल, मग तिकडेच कामाला लागला असेल, घाटात पडला असेल, बाई ठेवली असेल, असे नाना तर्क. बाबा तेव्हा म्हशाजवळच, मुरबाडला पाहुण्यांकडे होते. ते परतल्यावर मग शोधाशोध. मी तेव्हा एवढीशी. मला काकाच्या खांद्यावर बसलेली मी आठवते, आणि त्याच्या केसांना येणारा गोठ्याचा वास. त्याचं तोंड आठवत नाही. जे आठवतं ते त्या फोटोतलंच असणार.

काकीनं कुंकू पुसलं नाही आणि काकाचं पान कधी ठेवू दिलं नाही. आजी चिडायची. "इतकी वरसं झाली, पोटाला काय मिळत असंल त्याच्या जिवाला? ठेव गो पान." काकी म्हणायची, "तो कुठं हाय ते कुणीतरी सांगा. मग ठेवते."

"मग मेलेल्यांच्या पंगतीत त्याचा फोटो कशाला मांडतेस?"

"बघायला मांडते," काकी म्हणायची.

आता बाबा. माझे बाबा चांगले होते, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायला जागा मिळणार नाही. पुराच्या पाण्यातून मला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला होता. मला शिकवलं, शहापुरात दिलं. काकीला मूल नाही, माहेरही उरलं नव्हतं, पण या घरात तिला कुणी अधिकउणं बोलायची टाप नव्हती. तिचं ताट वाढल्याशिवाय बाबा पाटावर बसत नसत. गावात बाबांचं नाव निघे ते यासाठीच. भावजयीला असा कोण सांभाळतो, म्हणत लोक. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, अजून वाटतो.

बाकीच्या गोष्टी तेव्हा दिसत होत्या, पण त्यांचं काही वाटत नव्हतं. काकाचा फोटो घोंगडीवर आला की बाबांना हटकून शेतावरचं काम आठवे. डुकरांनी बांध फोडला असेल, बघून येतो. म्हशाच्या जत्रेला ते पुन्हा कधी गेले नाहीत. सगळं गाव पुसात, पौषाच्या थंडीत, जत्रेला जायचं, आम्ही पोरं घोंगडी-मिठाईच्या वासानं वेडी व्हायचो, बाबा म्हणायचे, मला गर्दी सोसत नाही. आणि त्यानंतर आमच्या घरातून एकही बैल विकला गेला नाही. म्हातारे झाले तरी गोठ्यातच बसून राहायचे, तिथेच मरायचे. लोक म्हणायचे किती मायाळू माणूस. एकदा उंदरांनी खुंटीवरचं दावं कुरतडलं, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी कुठूनतरी मांजर आणलं. मला मांजर आवडलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

अंथरुणाला खिळले तेव्हा शेवटी शेवटी ते हात हलवायचे. एक पंजा उघडा धरायचा आणि दुसऱ्या हातानं त्याला आणि कोपराला काहीतरी गुंडाळत राहायचं. दादा म्हणाला, सुतळी वळताहेत. काकी त्यांना पेज भरवायला बसलेली असायची. ती वाटी खाली ठेवून ते हात बघत राहायची, आणि हात थांबले की पुन्हा चमचा पुढे करायची.

तर गेल्या सर्वपित्रीची सकाळ. चुलीवर खीर, परातीत वड्यांचं पीठ, घोंगडी अंथरलेली. दादाची मुलगी प्राची कल्याणहून आली होती. तिथं नोकरी करते. तेव्हा लग्न व्हायचं होतं. तिच्या डोक्यात आलं की फोटो खराब होत चाललेत, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवू आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकू, म्हणजे मुंबई-नाशिककडच्या भाऊबंदांनाही बघायला मिळतील. कल्पना चांगलीच होती. मीच तिला म्हटलं, टाक. पेटीतल्या माणसांना उजेड लागू दे जरा. ती एकेक फोटो काढत गेली, काकी नावं सांगत गेली, आणि ग्रुपवर धडाधड हात जोडलेली चित्रं यायला लागली. आजोबांची 'आमटी पातळ' पण टाकली. त्यावर लोक हसले.

त्या वर्षी बाबांचाही फोटो होता घोंगडीवर. त्यांच्यापाशी कुठली वस्तू ठेवायची यावर दादाचं आणि माझं थोडं झालं. मी म्हणत होते चष्मा, तो म्हणत होता कोयता. काकी म्हणाली, "ऱ्हावं द्या. मग बघू." त्यामुळे बाबांपाशी काहीच नव्हतं.

मग काकीनं काकाचा फोटो आणला, दावं आणलं. प्राचीनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला. लगेच उत्तरं आली. कुणी लिहिलं, दामूकाका काय रुबाबदार दिसत होते. कुणी विमानाबद्दल थट्टा केली. प्राची बोटांनी चित्र मोठं करून बघत होती. "आत्या, काकाआजोबांच्या खांद्यावरच्या या गोंड्याला कवड्या लावल्यात बघ. मधली फुटलीय."

मी म्हटलं, "असेल."

तिनं मोबाइल बाजूला केला आणि घोंगडीवरचं दावं हातात घेतलं. टोकाला मळून काळा झालेला गोंडा होता, त्यात तीन कवड्या. मधली अर्धी फुटलेली. "हे तेच आहे गं," प्राची म्हणाली. तिला मौज वाटत होती. "किती भारी. फोटोतलंच दावं आपल्याकडे अजून आहे."

मीही आधी तेच म्हणाले, अरे वा. आमच्याकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत. गिऱ्हाईकानं आपलं दावं आणायचं, त्याच्या दाव्यानं बैल न्यायचा, आणि आपलं दावं आपण घरी आणून टांगायचं. दावं गेलं तर गोठ्यातली बरकत गेली. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खांद्यावर मोकळं दावं आहे म्हणजे बैल विकून झालेला आहे, हेही कुणी सांगायला नको. आणि इथवर मनात आलं आणि मी थांबले. बैल विकून झाल्यावर, जत्रेत, काकाच्या खांद्यावर असलेलं दावं. आणि काका तर जत्रेतून घरी आलाच नाही.

दादाकडे बघितलं. त्याचा हात परातीत तसाच होता. त्यालाही कळलं होतं.

"काकी," मी म्हटलं, "हे घरी कसं आलं?"

काकीनं डोळे वर केले. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. खूप लांबून चालत आलेलं माणूस ओट्यावर टेकतं तशी ती बसली होती. "आलं का गो ध्यानात," ती म्हणाली. "मला वाटलं माज्या हयातीत कुणाच्या येत नाय."

मग तिनं सांगितलं. सांगताना ती वडे थापत होती. तो गोंडा तिनंच केला होता, काका जत्रेला निघाला त्याच्या आदल्या दिवशी, लग्नातल्या लुगड्याच्या काठाचा. कवड्या तिच्या आईच्या. मधली तिच्याच हातून फुटली, आणि काका म्हणाला राहू दे, खूण झाली. जत्रा झाली. बाबा मुरबाडहून परतले त्या सकाळी ती गोठ्यात शेण काढायला गेली तर खुंटीवर ते दावं. "मला वाटलं ते आले," काकी म्हणाली. "मी घरभर बघितलं. माळ्यावर बघितलं. मग म्हटलं नदीवर गेले असतील अंघोळीला. मी भाकऱ्या टाकल्या, वांगं भाजलं. दुपार झाली तरी वाट बघत व्हते."

मग तिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, ते जुनं असेल, दाम्या दुसरं घेऊन गेला असेल. तिलाही वाटलं, असेल, आपलंच चुकलं असेल. नवी नवरी, कुणापुढे किती बोलणार. पुढच्या पुसात ती हट्टानं म्हशाला गेली, काका कुठे दिसतो का बघायला. अख्खी जत्रा पालथी घातली. फोटोवाल्याच्या तंबूबाहेर एक फळी होती. मागच्या साली काढलेले आणि कुणी न नेलेले फोटो तिच्यावर चिकटवलेले. "तिथं होते तुजे काका," काकी म्हणाली. "हसत व्हते. खांद्यावर माजा गोंडा."

"मग तू बाबांना पुन्हा विचारलं नाहीस?"

"कशाला इचारू? फोटो आणला, आणि पितरपाखात दोनी वस्तू शेजारी ठेवल्या. भावोजी समोरच बसले व्हते. त्यांनी बघितलं. उठून शेतावर गेले." काकीनं वडा तेलात सोडला. "मी दर वरसाला ठेवत व्हते. बोलायचं त्यांनी व्हतं."

मला तिचा राग आला. पहिल्यांदा तिचाच आला, मग प्राचीचा, मग त्या मोबाइलचा. मी म्हटलं, काका स्वतःच परत आले असतील, दावं टांगून कुठेतरी निघून गेले असतील, संसार नको असेल झाला. माणसं जातात अशी. काकी म्हणाली, "गोठ्याच्या दाराशी मीच निजत व्हते तेव्हा. गाय व्यायची व्हती. पहाटे पाण्याला गेले तेवढीच उठले, आले तर भावोजी अंगणात." मी म्हटलं, मग बाबांना जत्रेत भेटले असतील, दावं त्यांच्याकडे दिलं असेल, मी जातो, कुणाला सांगू नको म्हणाले असतील, आणि बाबांनी शब्द पाळला असेल. मला हे अगदी पटलं. अजूनही मी कधीकधी हेच धरून बसते.

काकीनं तेलातला वडा उलटला. मग म्हणाली, "दावं ओलं व्हतं, बाय. चिंब. पुसात पाऊस पडतो का?"

बाहेर गडगडत होतं. दादानं हात धुतले आणि तो केळीचं पान पुसायला लागला. पुसून झालेलं पान पुन्हा पुसत राहिला. म्हसा आणि आमचं गाव यांच्या मध्ये नदी आहे, माणूस नदीतून येतो, दावं भिजतं, त्यात काय. मी हे मोठ्यानं म्हणाले. पुसात ती नदी घोट्याएवढी असते, डोह सोडला तर.

आता मला एकच कळत नाही. बाबांनी ते दावं घरी का आणलं? वाटेत कुठेही टाकता आलं असतं. चुलीत घालता आलं असतं, नंतरही, कितीतरी वर्षं, कुठल्याही सकाळी. पण बैल विकला की दावं घरी येतं आणि खुंटीवर जातं. तो माणूस जन्मभर हेच करत आला होता, त्याच्या बापानं हेच केलं. त्या दिवशी जे काही झालं असेल ते झाल्यावरही त्यानं दावं गोळा केलं, पंजाला आणि कोपराला गुंडाळलं, घरी आणलं आणि जागेवर टांगलं. मला वाटतं त्यांना कळलंही नसेल आपण काय करतोय ते.

जेवण तयार झालं. दादा बाबांचं पान घेऊन निघाला तशी काकी म्हणाली, "दोन घे."

तिनं दुसरं पान स्वतः वाढलं. भात, वरण, अळू, भोपळा, खीर, वर दोन वडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग बाबांच्या फोटोसमोर बसली आणि जिवंत माणसाशी बोलावं तशी बोलली. "भावोजी, तुमी आता तिकडं हायत. तुमचा भाव तिकडं असंल तर त्याला पाठवा जेवायला. नसंल तर त्याचं पान तसंच ऱ्हावं द्या. येवढं तरी सांगा मला."

गोठ्याच्या पत्र्यावर दोन पानं ठेवली, अलीकडे बाबांचं, पलीकडे काकाचं. आम्ही अंगणात उभे राहिलो. दादा हाका घालायला लागला. आमच्याकडचे कावळे आळशी, सर्वपित्रीला घराघरांतून हाका, ते कुठे कुठे जाणार. मी शहापुरात राहते, पेपर वाचते, असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत सांगते. आणि मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, येऊ नको. त्या पलीकडच्या पानावर येऊ नको.

दादाची दुसरी हाक पुरी व्हायच्या आत कावळा आला. फणसावरून उतरला, बाबांच्या पानाच्या कडेला बसला, दोन उड्या मारून ते ओलांडलं आणि काकाच्या पानावरचा वडा उचलला. मागून दुसरा आला. दोघांनी ते पान खाल्लं. शेजारच्या पानाकडे मान वळवून बघितलं आणि उडून गेले.

मग बाबांच्या पानासाठी आम्ही थांबलो. दादानं काय काय कबूल केलं. प्राचीचं लग्न नीट करीन, काकीला अंतर देणार नाही, शेताचा तुकडा विकणार नाही. काय कबूल केलं तर बाबांचं समाधान होईल हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण ते आमच्या हातात नव्हतं, काकीच्या होतं. दुपार कलली. त्या दिवशी नुसतं गडगडून थांबलं नाही, पडलं. सरी आल्या आणि बाबांचं पान भातासकट पत्र्यावरून घसरून गोठ्यामागे पडलं.

काकी आत गेली. पदराच्या टोकानं कुंकू पुसलं, सावकाश, आरसा न बघता. हाताला साबण लावून हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. फोडल्या नाहीत. त्या काकाच्या फोटोपाशी ठेवल्या, मग फोटो आणि बांगड्या दोन्ही पेटीत ठेवल्या. आजीच्या डबीशेजारी जागा केली. प्राची रडायला लागली, तिला वाटलं हे सगळं तिच्यामुळे झालं. काकीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुज्यामुळं सुटले गो मी," ती म्हणाली.

मग तिनं घोंगडीवरचं दावं उचललं. ते आता एकटंच उरलं होतं, कुणाच्याच फोटोपाशी नसलेलं. पेटीत न ठेवता भिंतीवर टांगायला म्हणून बाबांच्या फोटोला दादानं नवी चौकट करून आणली होती, हारही आणला होता. काकीनं हार बाजूला ठेवला आणि दावं त्या चौकटीला घातलं, दोन वेढे देऊन, गोंडा पुढे येईल असं.

"काकी, हे काय," दादा म्हणाला.

"परतेकाला त्याची वस्तू," काकी म्हणाली. "ही दामूची नाय. ही भावोजींची."

त्या रागात शिव्याशाप नव्हते, हेच मला जास्त लागलं. तिनं नंतर आम्हाला वाढलं, आग्रह करून खीर वाढली, मला शहापूरला न्यायला वडे बांधून दिले. मी जीपमध्ये बसून ते वडे मांडीवर घेऊन रडले. बाबांसाठी रडले की काकासाठी, मला सांगता येणार नाही. मला बाबांचा राग येत नाही, आणि तो येत नाही म्हणून माझाच राग येतो. ज्यांच्या पाठीवर बसून मी पूर ओलांडला, त्यांनी त्याच्या आधी कधीतरी पाण्याच्या काठी काय केलं, हे मला कधी कळणार नाही. ग्रुपवर त्या फोटोखाली अजून अधूनमधून कुणीतरी हात जोडतं. दावं कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. आम्हीही लिहिलेलं नाही.

आज संध्याकाळी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मी काकीलाच इचारलं. ती म्हनते, मालूला इचार, तिचा बाप हाय." मागे कुणीतरी भांडं आपटत होतं, काकीच असणार. भात कसं आहे विचारलं. म्हणाला, बरं आहे, वाकलंय, आता पाऊस नको.

"मालू, मग काय करू? मानसं इचारतील, फोटोला दावं कशाला."

माझ्या खिडकीतून माहुलीवरचे ढग दिसत होते. मी म्हटलं, "बाबांचं पान ठेव. पहिलं ठेव. मी येते, मी हाका घालीन."

"आणि दावं?"

"राहू दे," मी म्हटलं.